फेलोशिप मिळाली? आता वस्तीचा दिवस शिका

कॉलेज करता करता वस्तीत एखादं काम उभं करायचं, त्यासाठी दरमहा थोडं मानधन, प्रकल्पापुरता निधी आणि अडलं तर विचारायला एक जाणतं माणूस, अशा स्वरूपाची फेलोशिप देणाऱ्या संस्था आता बऱ्याच आहेत. सोलापुरातल्या मुलामुलींना ती मिळतेही. पुढचं चित्र मात्र ठरलेलं असतं. पुण्यात नाहीतर मुंबईत निवासी शिबिर होतं, भिंतभर चिकटवलेल्या रंगीत कागदांवर प्रकल्प आखला जातो आणि तो घेऊन फेलो सकाळी अकराला अशोक चौकामागच्या एखाद्या गल्लीत जाऊन उभा राहतो. गल्लीत त्या दिवशी पाणी आलेलं असतं. त्याच्याशी बोलायला कुणालाही सवड नसते.

फॉर्म भरण्यापासून काम दुसऱ्याच्या हाती देण्यापर्यंत सगळं खाली सांगितलं आहे, पण माझा जोर एकाच गोष्टीवर आहे: कामाचं वेळापत्रक फेलोशिपच्या तक्त्यावरून बेतू नका, वस्तीच्या दिवसावरून बेता.

पायरी १: आधी अटी वाचा

सगळ्या फेलोशिप विद्यार्थ्यांसाठी नसतात. मुख्यमंत्री फेलोशिपला पदवी लागते, वय २१ ते २६ लागतं आणि ते पूर्णवेळ काम आहे. स्टेट बँकेची यूथ फॉर इंडिया ही पदवीनंतरची, तेरा महिने खेड्यात राहून करायची. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेचा 'निर्माण' हा उपक्रम २००६ पासून चालू आहे, तो शिबिरांच्या वाटेने जातो. तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असाल तर तुमच्या कामाची फेलोशिप म्हणजे अर्धवेळ, आठवड्याचे काही तास मागणारी.

एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना केलेल्यांना वाटतं, हे तेच आहे. नाही. एनएसएसमध्ये वर्षाचे १२० तास आणि सात दिवसांचं शिबिर असतं, काम कार्यक्रम अधिकारी ठरवतात, तुम्ही खराटा घेऊन हजर राहिलात की झालं. इथे काम तुम्ही ठरवायचं आणि ते फसलं तर उत्तरही तुम्हीच द्यायचं.

सही करण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या आणि उत्तर ईमेलवर लेखी मागा. मानधन आणि प्रकल्पाचा निधी वेगळे आहेत की एकाच रकमेतून दोन्ही भागवायचं? शिबिराच्या तारखा सेमिस्टर परीक्षेवर आल्या तर काय? प्रवासखर्च कोणाचा? मध्येच सोडावं लागलं तर पैसे परत मागणार का? हे विचारताना संकोचू नका. जी संस्था या प्रश्नांवर नाराज होते तिच्याबरोबर वर्ष काढणं तसंही अवघडच.

घरी काय सांगायचं, हाही अटींचाच भाग समजा. 'याने नोकरी लागणार का?' हा प्रश्न येणारच. खरं उत्तर असं की थेट नाही लागत. पण चार कचेऱ्यांत जाऊन काम करवून घेतलेल्या मुलाला मुलाखतीत सांगायला काहीतरी असतं. मुलींच्या घरी दुसरा प्रश्न असतो, परत यायच्या वेळेचा. त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा पहिल्याच आठवड्यात आईला किंवा मोठ्या भावाला वस्तीत घेऊन जा, जिथे बसणार त्या घरचा चहा पाजा. निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

पायरी २: फॉर्ममध्ये देश नको, गल्ली लिहा

'मला समाजासाठी काहीतरी करायचं आहे' हे वाक्य निवड करणाऱ्यांनी इतक्या वेळा वाचलेलं असतं की डोळा त्यावरून घसरतो. 'सक्षमीकरण', 'जनजागृती', 'तळागाळातील' हे शब्दही तसेच. त्याऐवजी तुम्हाला ठाऊक असलेली एक गोष्ट नीट लिहा. तुमच्या आजीने आयुष्यभर बिड्या वळल्या असतील, तर पान कधी भिजवतात, माल कारखान्यात द्यायला किती वाजता जातात, वाईट ठरवून बाजूला काढलेल्या बिड्यांचं काय होतं, हे लिहा. वडील यंत्रमागावर असतील तर रात्रपाळीच्या घरात मुलं अभ्यासाला कुठे बसतात ते लिहा. मुलाखतीला येणाऱ्या शंभरात हे सांगू शकणारे दोन निघतात.

इंग्रजीत फॉर्म असेल तर आधी मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत, उर्दूत, ज्या भाषेत तुम्ही भांडता त्या भाषेत लिहून काढा. मग इंग्रजी करा. चुका सरांकडून तपासून घ्या, पण भाषा त्यांना सजवू देऊ नका.

पायरी ३: कॉलेजकडून दोन कागद

पहिला, प्राचार्यांचं ना-हरकत पत्र. पुढे कुठल्याही शाळेत, दवाखान्यात पाय ठेवताना ओळखपत्रापेक्षा हेच जास्त चालतं. दुसरा कागद बहुतेकांना सुचतच नाही. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीच्या आराखड्यात आता क्षेत्रप्रकल्प आणि समुदाय-सहभागाचे श्रेयांक (क्रेडिट) आहेत. तुमचं फेलोशिपचं काम त्यात धरता येईल का, हे विभागप्रमुखांना विचारा आणि होकार आला तर तो सेमिस्टरच्या सुरुवातीलाच लेखी घ्या. एकच काम दोन ठिकाणी धरलं गेलं तर परीक्षेच्या महिन्यात जीव वाचतो.

पायरी ४: जागा जवळची निवडा

जिल्ह्यात अकरा तालुके आहेत आणि करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत प्रश्नांची कमी नाही. पण कॉलेज दयानंद, संगमेश्वर किंवा वालचंदला आणि प्रकल्प सांगोल्याच्या पाच गावांत, हे गणित जुळत नाही. आठवड्यातून तीनदा, एका बसने किंवा एका दुचाकीवर जाता येईल अशी एकच वस्ती घ्या.

शहराचा पूर्व भाग, म्हणजे साखर पेठ, कन्ना चौक, विणकर वसाहत, नीलम नगर आणि अक्कलकोट रोडची एमआयडीसी, हे यंत्रमाग आणि बिडीचं सोलापूर. इथे तेलुगू कानावर पडतं. शहराजवळच्या कुंभारी गावात गोदूताई परुळेकर वसाहत आहे, बिडी कामगार महिलांची दहा हजार घरं, २००६ मध्ये लोकार्पण झालेली. तिथेच पुढे रे नगर उभं राहिलं. तीस हजार घरांची योजना, त्यातल्या पंधरा हजार घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये दिला गेला. नव्या वसाहतीत काम करायला वाव खूप असतो, कारण शेजारपण अजून जमायचं असतं. पण अंतर आणि शेवटची गाडी पाहून घ्या. शेळगी, बाळे, देगाव या बाजूला शहर आणि गाव यांची सीमारेषा दिसते, तिथले प्रश्न वेगळे. जुळे सोलापुरात राहत असाल तर तिथल्याच बांधकाम मजुरांच्या पालांकडेही एकदा बघा. 'गरीब वस्ती' म्हटलं की सगळे पूर्व भागातच धावतात.

पायरी ५: पहिला महिना कार्यक्रम नाही

इथे घाई केली की वर्ष वाया जातं, म्हणून सविस्तर सांगतो.

फेलोशिपचे लोक पहिल्याच महिन्यात 'सर्वेक्षण' मागतात. पन्नास प्रश्नांची यादी घेऊन दारोदार जाऊ नका. सोलापुरातल्या वस्त्यांनी इतकी सर्वेक्षणं पाहिली आहेत की लोक उत्तरं तयार ठेवतात. त्याऐवजी एक साधी वही घ्या आणि वस्तीचा आठवडा लिहून काढा.

सुरुवात पाण्यापासून. शहराच्या बऱ्याच भागांत नळाला रोज पाणी येत नाही, तीन-चार दिवसांनी, कधी पाच दिवसांनीही येतं. उजनी धरणात पाणी असलं तरी आपल्या गल्लीत कधी येईल याचा अंदाज त्या गल्लीतल्या बायकांनाच असतो. पाण्याच्या दिवशी बैठक ठेवली तर कोणी येणार नाही आणि आलंच तर चित्त हंड्यात असेल. म्हणून वहीचं पहिलं पान: कुठल्या गल्लीला कोणत्या वारी, किती वाजता पाणी.

मग काम. बिडी करणाऱ्या घरात दिवस पानाभोवती फिरतो. पानं भिजवायची, कात्रीने कापायची, तंबाखू भरून वळायच्या, दोरा बांधायचा, कट्टे करायचे. मजुरी हजार बिड्यांवर ठरते. माल जमा करायला जायची वेळ ठरलेली असते, त्या वेळी घरात फक्त लहान मुलं आणि म्हातारी माणसं. पण बिडी वळताना हात गुंतलेले असले तरी तोंड मोकळं असतं. दुपारी ओट्यावर चौघी-पाचजणी सुपं घेऊन बसल्या असतील तर तीच तुमची बैठक. सतरंजी अंथरायची गरज नाही. शेजारी बसा, वळायला शिकवा म्हणा. पहिली बिडी बघून हसतील. हसू द्या.

यंत्रमागाचं उलट आहे. खटखटाटात बोलणं होत नाही. पाळी कधी बदलते, आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी असते, पगार कधी होतो, हे तिघाचौघांना विचारून घ्या. कारखान्याकारखान्यात फरक असतो. रात्रपाळी करून आलेल्या माणसाचं दार सकाळी दहाला वाजवणारा फेलो पुन्हा त्या घरात जाऊ शकत नाही.

भाषेचं काय? इथे एका गल्लीत तेलुगू, दुसरीत कन्नड, तिसरीत दखनी उर्दू आणि सगळीकडे सोलापुरी मराठी चालते. सगळ्या भाषा यायची गरज नाही. तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या, म्हणजे पद्मशाली घरात 'अक्का' म्हणून बसलात, मोहल्ल्यात 'खाला, सलाम' म्हणालात, की 'या की, बसा की' आपोआप येतं. दुभाष्या म्हणून घरातलं आठवी-नववीतलं पोर सगळ्यात कामाचं. पण त्याच्यासमोर नवऱ्याच्या दारूचा किंवा कर्जाचा विषय काढू नका.

महिनाभरात या माणसांना एकदा तरी भेटून या: अंगणवाडी सेविका, आशाताई, महापालिकेच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, बिडी किंवा यंत्रमाग कामगारांच्या युनियनचा स्थानिक कार्यकर्ता, किराणा दुकानदार आणि गणपती मंडळाचा अध्यक्ष. शेवटच्या दोघांना वगळू नका. कोणाचं उधार वाढलंय हे किराणावाल्याला माहीत असतं. आणि तुम्हाला संध्याकाळी बसायला खोली हवी असेल तर ती बहुधा मंडळाचीच असते.

पायरी ६: काम लहान आणि मोजता येईल असं

निबंध स्पर्धा, पथनाट्य, रॅली यांचे फोटो छान येतात. मला त्यांच्यावर फारसा विश्वास नाही. एक दिवसाच्या कार्यक्रमाने वस्तीत काही हलत नाही आणि फेलोलाही काही शिकायला मिळत नाही.

त्याऐवजी असं काम शोधा की ज्यात हक्काची गोष्ट आहे, पण कागदात अडकली आहे. पूर्व भागातलं हमखास उदाहरण सांगतो. बिडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार कल्याण विभागाकडून शिष्यवृत्ती मिळते; पहिलीच्या मुलाला वर्षाला हजार रुपयांपासून ते व्यावसायिक पदवीला पंचवीस हजारांपर्यंत. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा असतो. अडतं कुठे? आईचं बिडी कामगार ओळखपत्र जुनं किंवा हरवलेलं. उत्पन्नाचा दाखला नाही. आधारवर नाव 'लक्ष्मीबाई', बँकेत 'लक्ष्मी', शाळेत तिसरंच. खात्याला आधार जोडलेलं नाही. शाळेने ऑनलाइन पडताळणी केली नाही म्हणून अर्ज तसाच पडून. यातला एकही अडथळा मोठा नाही, पण पाचही पार करायला बाईचे पाच दिवस जातात आणि पाच दिवसांची मजुरी बुडते.

फेलोने इथे काय करायचं? चाळीस मुलांची यादी. प्रत्येकासमोर पाच रकाने, कोणता कागद आहे, कोणता नाही. दाखल्यांसाठी महा ई-सेवा केंद्रात एकेकट्याने न जाता दहाजणींचे कागद एकदम घेऊन जायचं. बँकेत मॅनेजरला आधी भेटून एक दुपार मागून घ्यायची. शाळेत पडताळणी कोण करतं त्या शिक्षकाचं नाव शोधायचं. अर्ज भरताना शेजारी दहावी झालेली वस्तीतलीच मुलगी बसवायची, म्हणजे पुढच्या वर्षी ती भरेल. शेवटची तारीख दरवर्षी बदलते, पोर्टलवर पाहा आणि तिच्या महिनाभर आधी कागद पूर्ण करा. अखेरच्या आठवड्यात सर्व्हर बसतोच.

हे काम दिसायला कंटाळवाणं आहे. पण वर्षाअखेरीस चाळीसपैकी किती मुलांच्या खात्यात पैसे आले, हा आकडा तुमच्याकडे असेल. जनजागृतीचा असा आकडा निघत नाही.

अभ्यासिका काढायची असेल तर तीही उत्तम. जागा मंडळाची, वेळ माल देऊन आया परत आल्यानंतरची, आणि शिकवणारे तुमचे वर्गमित्र. एवढंच बघा की शेजारी आधीच कोणी मास्तर दीडशे रुपयांत शिकवणी घेत नाहीत ना. घेत असतील तर त्यांचं पोट मारू नका, त्यांनाच बरोबर घ्या.

पायरी ७: परवानग्या आणि पैसा

महापालिकेच्या शाळेत शिरायचं तर शिक्षण मंडळाच्या प्रशासनाधिकाऱ्यांचं पत्र, जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांचं. अंगणवाडीसाठी बालविकास प्रकल्प अधिकारी, त्याखाली पर्यवेक्षिका. अर्जाच्या दोन प्रती करा आणि एकीवर आवक शिक्का घेऊन या. 'साहेब मीटिंगला गेलेत' या वाक्यावर दुसरं औषध नाही. गावात काम असेल तर ग्रामसभेत एकदा उभं राहा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा धरून ठेवा.

पैशाबाबत कडक राहा. निधी स्वतःच्या खात्यात येणार असेल तर वेगळं बचत खातं उघडा. प्रत्येक खर्चाचं पक्कं बिल. रिक्षाचं मिळत नाही, तर तारीख-कारण-रक्कम लिहून सही. पाच हजारांवरच्या रोख पावतीला रेव्हेन्यू तिकीट लागतं. आणि कितीही चांगल्या कारणासाठी व्हॉट्सॲपवर स्वतःचा क्यूआर कोड टाकून वर्गणी गोळा करू नका. सार्वजनिक धर्मादाय कामासाठी निधी जमवायला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या ४१-क कलमाचे नियम आहेत. गणपती मंडळंही त्यासाठी धर्मादाय आयुक्तांकडे जातात. तुमची फेलोशिप देणारी संस्था नोंदणीकृत असेल, मदत थेट तिच्या खात्यात जाऊ द्या आणि पावती तिची.

पायरी ८: मुलं आणि फोटो

थोडक्यात. लहान मुलांबरोबर बंद खोलीत एकट्याने बसायचं नाही, कायम दोन मोठी माणसं हवीत. पालकांना विचारल्याशिवाय चेहरा दिसेल असा फोटो कुठेही टाकायचा नाही. मदत घेतानाचा हात, वही देतानाचं हसू असले फोटो अहवालाला लागत असतील तर पाठमोरे काढा. एखाद्या मुलाने घरातल्या मारहाणीबद्दल काही सांगितलं तर स्वतः पंचायत भरवू नका. मार्गदर्शकाला सांगा, १०९८ ही चाइल्डलाइन आहे.

पायरी ९: सोलापूरचं वर्ष

फेलोशिपचा तक्ता दिल्लीत किंवा बंगळुरात बनतो, त्यात गड्डा नसतो. गड्डा म्हणजे जानेवारीत संक्रांतीच्या आसपास भरणारी सिद्धरामेश्वरांची यात्रा; नंदीध्वज निघतात, आणि ते दिवस शहराला दुसरं काही सुचत नाही. त्याच महिन्यात, १२ जानेवारीला, चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १९३१ मध्ये याच दिवशी येरवड्यात फाशी झाली. मुलांना घेऊन चार पुतळ्यापाशी जायला याहून चांगला दिवस नाही.

मार्चपासून तुमची परीक्षा आणि शहराचं ऊन एकदम चढतं. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळिसाच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी वर्ग भरवू नका, सकाळी सात ते नऊ ठेवा. जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा दाखल्यांची गर्दी, म्हणजे तुमच्या कामाचा खरा हंगाम. आषाढीला जिल्हाच पंढरपूरकडे वळतो. नारळी पौर्णिमेला पूर्व भागात मार्कंडेय महामुनींचा रथ. मग गणपती, आणि मंडळाची खोली दहा-बारा दिवस तुमची नाही, हे आधीच मान्य करा. रमजानमध्ये मोहल्ल्यातल्या बैठका दुपारी लवकर उरका. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू होते. साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या पडतात आणि शाळा सोडून आलेली मुलं दिसू लागतात. ग्रामीण भागात काम असेल तर तुमच्या प्रकल्पाचे महिने हे कॅलेंडर ठरवेल.

मित्रांना टीममध्ये घेताना हेच वर्ष समोर ठेवा. सात जण 'हो' म्हणतात, परीक्षेच्या महिन्यात दोन उरतात. म्हणून दोन माणसांत चालेल एवढंच काम घ्या, बाकीचे आले तर बोनस. आणि त्या दोघांतला एक तरी वस्तीतला असू द्या.

पायरी १०: शेवटचे दोन महिने

नवा कुठलाच उपक्रम सुरू करायचा नाही. याद्या, कागदांच्या प्रती, पासवर्ड नव्हे तर पासवर्ड पुन्हा मिळवायची पद्धत, बँकेतल्या आणि शाळेतल्या माणसांची नावं, खोलीची किल्ली कोणाकडे, पाण्याचे वार, हे सगळं एका वहीत मराठीत लिहा. वहीची एक प्रत तुमच्याबरोबर अर्ज भरायला बसलेल्या त्या मुलीकडे, एक शाळेत, एक कॉलेजच्या विभागात. फेलोशिपचा इंग्रजी अहवाल वेगळा करा. त्यात जमलं नाही तेही आकड्यासकट टाका. मार्गदर्शकाला तोच भाग वाचायचा असतो. चाळीसपैकी अकरा अर्ज अडकले असतील तर त्या अकरांची नावं आणि कारणं सेविकाताईंना आणि शाळेला देऊन या, म्हणजे पुढच्या जूनमध्ये सुरुवात त्यांच्यापासून होईल.